राजाच्या जागी उभा केलेला कुत्रा

स्कॅनर वाजेना. बॅटरी काढून घातली, कुत्र्याच्या मानेवरून पुन्हा फिरवला. छे! आमच्या ट्रायलमधल्या प्रत्येक कुत्र्याच्या कातडीखाली तांदळाएवढी चिप असते. स्कॅनर धरला की नंबर दिसतो. इथे नंबरच नाही.

"आक्का, हा राजा नाही."

"हायेच की! म्हातारा झालाय, म्हून जरा बदललाय."

बदललाय कसला! राजाचे दात झिजून गेले होते. याचे पांढरेशुभ्र.

सुगंधाआक्का धारूरच्या डोंगराकडेला शेळ्या राखतात, एकट्याच राहतात. मी जनावरांची डॉक्टर. कुत्र्यांना कॅन्सर होऊच नये म्हणून एक लस तयार होतेय, तिच्या चाचणीचं काम बघते. अर्ध्या कुत्र्यांना खरी लस देतो, अर्ध्यांना नुसतं सलाईन. कुणाला काय मिळालं, ते मालकाला ठाऊक नसतं आणि मलाही नसतं. मग अधूनमधून तपासत राहायचं. एखादं मेलंच, तर पोस्टमॉर्टेम करून कॅन्सर होता का, ते बघायचं. सगळी चाचणी त्यावरच उभी असते.

"राजा कुठाय?" माझा आवाज चढला.

आक्कांनी अंगणातल्या लिंबाकडे बोट दाखवलं. "गेला, बाई. पोटाला गाठ आलती. लई झटकन गेला. लिंबाखाली पुरला."

"अहो, मग फोन का नाही केला? हेच तर बघायचं होतं मला!"

"कसा करू? तुमी इतक्या लांबून सुई द्याया येता. लस लागू पडली न्हाई म्हून तुमचे सायेब तुमालाच बोलले असते. म्हून भावकीतनं त्याच रंगाचं आनलं." मग हळूच म्हणाल्या, "आन् कुत्रंच न्हाई म्हनल्यावर तुमी कशाला आला असता?"

राग आला होता, पण कुणावर काढणार? माजलगावात मी खोली घेऊन एकटी राहते. दिवसभर फोन वाजतो, सगळे कामाचे. 'जेवला का, बाई?' असं विचारणारी अख्ख्या जिल्ह्यात ही एकच. त्यांच्याकडची फेरी मी मुद्दाम शेवटी ठेवायची, म्हणजे निघायची घाई नको. इथे फार एकटं वाटतं, हे मी घरीसुद्धा कधी बोलले नाही.

पुण्याला आमच्या सरांना फोन लावला, घडलेलं सांगितलं.

"तपासायला गाठीचा टिश्यू मिळेल?"

"नाही सर. पुरून बरेच दिवस झालेत."

"मग कॅन्सर होता का, तेही कळणार नाही. ड्रॉपआउट दाखव, चाचणीतून गळाला म्हणून. आणि आता तिकडे जायचं काही कारण नाही."

"बरं, सर."

राजाला लस मिळाली होती की सलाईन, ते ट्रायल संपल्यावर कळेल. पण त्या उत्तराचा आता कुणाला उपयोग नाही. पोटातली गाठ कसली होती, ते मातीत गेलं.

तेव्हापासून कुठल्याही नव्या मालकाची सही घेण्याआधी मी एक गोष्ट बजावते. आमच्या छापील नियमांत ती नाही. "कुत्रं मेलं तर लपवू नका. फोन करा. कुत्रं नसलं तरी मी येईन."