पॉलिसी येईपर्यंत

आमच्या ह्यांना, म्हणजे गोपीनाथना, सिंगापूरची सगळी मराठी मंडळी चीफसाहेब म्हणतात. अर्धं आयुष्य जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेलं, उरलेलं इथल्या बंदरावर, एका शिपिंग कंपनीच्या जहाजांची दुरुस्ती बघण्यात. इंजिनाच्या आवाजानं डावा कान गेलाय, त्यामुळे मी बोलायला लागले की सोयीस्करपणे तोच कान माझ्याकडे करतात. माणूस तसा निर्मळ. पण हट्टी असा, की बोलून बोलून माझं तोंड दुखावं.

२०१६ साली ते निवृत्तीला आले. तोवर आजारपणाचा खर्च कंपनीच्या विम्यातून व्हायचा. तो विमा नोकरीबरोबरच संपणार होता. आम्ही पीआर, म्हणजे इथले कायमचे रहिवासी, म्हणून सरकारी विमा आपोआप होता, पण त्यातून मोठ्या बिलाचं सगळं काही भागत नाही, आणि पीआरला सवलतही कमी. तेव्हा त्याच्या वर एक खासगी विमा जोडायचा असं ठरलं. विम्याचं काम करणारा, सेरंगूनला राहणारा प्रबोध आमच्या ओळखीचा. तो क्वीन्सटाउनला आमच्या घरी येऊन सगळं समजावून गेला. चपला घालता घालता म्हणाला, "काका, आधीचं काही दुखणं असेल तर अर्जात लिहा. लिहिलंत तर फार तर तेवढं वगळतील. पण लपवलंत आणि पुढे निघालं, तर अख्खी पॉलिसी जाते."

"मला काय धाड भरलीय?" हे म्हणाले. मलाही ते खरंच वाटलं.

दोनतीन दिवसांनी ताटावर बसता बसता म्हणाले, "आजपासून मला अळणी दे."

बाकीच्यांना यात काही वाटणार नाही, पण जहाजवाल्याच्या बायकोला याचा अर्थ बरोबर कळतो. दर वेळी बोटीवर जायच्या आधी मेडिकल असायची. अनफिट ठरलं की बोट गेली. म्हणून ही मंडळी आधीपासून मीठ सोडायची, दुधीचा रस प्यायची, आणि अंगात काहीही असो, डॉक्टरच्या वाऱ्याला उभी राहायची नाहीत. फिटचा शिक्का बसला, की मग काय ते दुखणं. आणि आता विमा कंपनीनंही वयामुळे तपासणीला बोलावलं होतं.

"कुठे दुखतंय?" मी विचारलं.

आधी भातच कालवत बसले. मग म्हणाले, "जिना चढलो की छातीत आवळतं. दिवाळीपासून. थांबलो की जातं."

"अहो, मग आधी डॉक्टरकडे चला."

"आत्ता गेलो तर कागदावर येईल. कागदावर आलं की हृदय वगळतील. उद्या बायपास करायची वेळ आली तर पैसे कुठून आणायचे? पॉलिसी येऊ दे, मग जाऊ."

मी भांडले. रडले. जेवणात मुद्दाम मीठ घालीन म्हणाले. शेवटी प्रबोधला सांगते म्हटलं, तर म्हणाले, "सांग. म्हातारपणी फ्लॅट विकून बिलं भर." आणि मीच मुकाट्यानं वाढलं अळणी वरण त्यांच्यापुढे.

तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला. बाथरूममध्ये पाण्याचा आवाज थांबला, की मी दारावर थाप मारायची. ऑफिसातून यायला उशीर झाला की फोन. तिकडून "काय गं?" असं खेकसले की बरं वाटायचं.

तपासणीत आडवं झोपवून काढलेला ईसीजी स्वच्छ आला. लहान मुलासारखे खूश होऊन घरी आले. पुढे पॉलिसीही आली. मी लगेच पर्स उचलली. "चला."

"लगेच गेलो तर संशय येईल. तीनचार महिने जाऊ देत."

हा माणूस कधीच जाणार नाही, असं मला तिथेच वाटलं.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही ईस्ट कोस्टला फिरायला गेलो होतो. सपाट रस्ता, समुद्राचा वारा, आणि हे मध्येच बाकावर बसले. कपाळावर घाम, हात जबड्यावर. मी टॅक्सी थांबवली आणि ड्रायव्हरला हॉस्पिटल सांगितलं.

टॅक्सीत माझं मनगट धरून म्हणाले, "आज पहिल्यांदाच दुखलं असं मी सांगणार. तू मध्ये बोलू नकोस."

इमर्जन्सीतली डॉक्टर आमच्या मुलीच्या वयाची. तिनं विचारलं, कधीपासून दुखतंय? ह्यांनी सांगितलं, आजच. तिनं पुन्हा विचारलं, "आधी कधी चालताना, चढताना? नीट आठवा अंकल, उपचार त्यावर ठरतात."

"नेव्हर," हे म्हणाले.

ती माझ्याकडे वळली. "आंटी?"

'आजच' हा शब्द माझ्या जिभेवर होता. तो म्हटला असता तर पॉलिसी राहिली असती. एकदा गेली की या वयात दुसरं कोण दारात उभं करणार? सगळं दिसत होतं मला. आणि ह्यांचे ओठही दिसत होते, पांढरेफटक.

"दिवाळीपासून," मी म्हटलं. "जिना चढताना. रोज."

तिनं लिहून घेतलं आणि नर्सला हाक मारली. पडदे सरकले, कुणी शर्ट काढला, कुणी सुई टोचली. मला ह्यांच्याकडे बघायचा धीर होईना. आता जन्मभर हे मला हेच ऐकवतील, असंच वाटत होतं.

"सुमित्रा," ते म्हणाले. "मला भीती वाटतेय गं."

इंजिनरूमला आग लागली होती तीसुद्धा गोष्ट हा माणूस हसत सांगायचा. हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"मला कधीची वाटतेय," मी म्हटलं, आणि त्यांचा हात धरला.