फेब्रुवारीचे गुण

डोळा लागतोय हे मला कळतंय, आणि मी तो लागू देते. गुरुवार आहे, संध्याकाळचे पावणेपाच वाजलेत. सकाळपासून एकतीस पेशंट झालेत. मैदानाच्या कुंपणाला नाक लावून उभी केलेली गाडी ही गावातली एकच जागा आहे, जिथे कोणी मला घसा उघडून दाखवत नाही. हीटर चालू आहे. समोर गोलचे चार पांढरे खांब, त्यांच्यापुढे ऑगस्टचा, म्हणजे इथल्या हिवाळ्याचा, चिखल.

स्टेअरिंगवर एक फॉर्म टेकवलाय. हॅमिश गिल्मोर, वय बावीस. खाली माझ्या शेऱ्याची आणि सहीची जागा कोरी. गेल्या शनिवारी समोरच्याचा खांदा हॅमिशच्या कानशिलावर आदळला. तेव्हा मेंदूला मार बसला की नुसती मान आखडली, एवढंच मला लिहायचंय. मेंदू लिहिला तर पोरगा एकवीस दिवस बाहेर. मान लिहिली तर परवा फायनल खेळणार. सहा वाजता टीम ठरते. अकरा वर्षांनी आमचा क्लब फायनलला आलाय, आणि कोच टेरीचा सकाळपासून तीनदा फोन आलाय. "मानच आहे, डॉक. मान लिहून टाक."

मी मिरजेची, सुलक्षणा ढोबळे. मेलबर्नपासून अडीच तासांवरच्या या गावात बावीस वर्षं दवाखाना चालवते, आणि त्यातली एकोणीस वर्षं या फुटबॉल क्लबची बिनपगारी डॉक्टर आहे. फुटबॉल म्हणजे इथला, लांबट चेंडूचा, हातांनीही खेळायचा आणि अंगावर धावून जायचा. सुरुवातीला मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. आता चिखलात कोण कसा पडला, यावरून त्याचं काय मोडलं असेल ते सांगते. हॅमिश कसा पडला तेही मी पाहिलंय. हात पुढे न करता, शुद्ध हरपलेला माणूस पडतो तसा पडला.

पापण्या जड होतात. कुंपण पुसट होतं.

शेजारच्या सीटवर लॉकी बसलाय. गुडघे डॅशबोर्डला टेकलेत, मान छताखाली वाकलीय.

लॉकलन मॅकार्डल. आमचा जुना खेळाडू. मागच्या ऑक्टोबरात गेला, छत्तीस वर्षांचा होता. भरदिवसा, सरळ रस्त्यावर त्याची गाडी झाडावर गेली, आणि रस्त्यावर ब्रेकची खूण नव्हती. त्याआधी तीन वर्षं त्याचं डोकं ठणकायचं, तो चिडायचा, मुलीचं नाव विसरायचा. आईने त्याचा मेंदू तपासायला दिला. रिपोर्ट तिला मीच वाचून दाखवला. वर्षानुवर्षं मार खाल्लेला मेंदू, असं त्यात लांबलचक शब्दांत लिहिलं होतं.

"काय ओ डॉक, झोपालाय व्हय?" लॉकी म्हणतो.

तो मिरजेचं मराठी बोलतोय आणि मला त्याचं काहीच नवल वाटत नाही. जिवंतपणी त्याला माझं आडनावही धड म्हणता येत नव्हतं.

"तू गेलास ना रे?"

"व्हय की. म्हणून तर बसायला टाइम हाय. हितं हीटर हाय, बाहीर लई गारठा."

"दमलेय रे लॉकी."

"मीबी."

आम्ही दोघं उठतो, कारण कपडे बदलायच्या खोलीत उभे आहोत. मलमाचा उग्र वास तोच आहे, पण भिंतीला लॉकर नाहीत. लोखंडी खाटा आहेत, मिरजेच्या वॉर्डात असायच्या तशा, पायथ्याशी तक्ता लटकवलेल्या. प्रत्येक खाटेवर निळ्या-पिवळ्या जर्सीतला एकेक पोरगा पाठ फिरवून झोपलाय. मी तक्ते बघत जाते. तापाच्या रेघा कुठेच नाहीत. सगळ्यांवर माझ्या अक्षरात फेब्रुवारीचे गुण लिहिलेत.

फेब्रुवारी म्हणजे काय ते सांगायला हवं. मोसम सुरू व्हायच्या आधी, धडधाकट असताना, मी प्रत्येक खेळाडूची परीक्षा घेते. पाच शब्द सांगायचे, त्याने ते परत म्हणायचे. महिने उलटे म्हणायचे. एका पायावर उभं राहायचं. गुण लिहून ठेवायचे. पुढे कोणाच्या डोक्याला लागलं की तीच परीक्षा पुन्हा घेऊन गुण ताडून बघायचे. पोरं काही खुळी नाहीत. ती फेब्रुवारीत मुद्दाम नापास होतात. शब्द विसरतात, एका पायावर डुलतात, म्हणजे ऑगस्टात खरोखर डुलली तरी गुण जुळतात आणि मॅच बुडत नाही. क्लबात हे सगळ्यांना माहीत आहे. चहा करणाऱ्या बाईलाही.

हॅमिशला फेब्रुवारीत दोन शब्द आठवले होते. परवा मंगळवारीही दोनच.

"माझी घ्या की परीक्षा," लॉकी खाटेच्या कडेला बसतो. खाट करकरत नाही.

"कशाला आता?"

"घ्या तर."

"लिंबू, चादर, कुदळ, चिमणी, घंटा."

"लिंबू, चादर, कुदळ, चिमणी, घंटा. उलटं सांगू? घंटा, चिमणी, कुदळ, चादर, लिंबू." तो माझ्याकडे बघतो. "तवाबी समदे येत हुते, डॉक. फेब्रुवारीत."

"मला माहीत होतं."

हे मी कोणाला तरी पहिल्यांदाच सांगतेय. नवऱ्याला नाही सांगितलं, लॉकीच्या आईला तर नाहीच.

"म्हाईत हुतं, आणि हसलासा."

हसले होते. काय करणार, त्याने तोंडच तसं केलं होतं. लिंबू म्हणाला, चादर म्हणाला, मग छताकडे बघून खूप विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाला, "बियर." खोली हसली, टेरी हसला, मीही हसले आणि पाचापैकी दोन लिहिले. त्याच वर्षी ऑगस्टात, अकरा वर्षांपूर्वीच्या त्या फायनलच्या आठवडाभर आधी, समोरच्याचा गुडघा त्याच्या डोक्यात बसला. पुन्हा तीच खोली. लिंबू म्हणाला, चादर म्हणाला आणि थांबला. या वेळी बियर म्हणाला नाही. पुढचा शब्द तिथे सापडेल अशा आशेने माझ्या ओठांकडे बघत राहिला. पाचापैकी दोन. फेब्रुवारीत दोन. गुण जुळले आणि मी सही केली.

वारा सुटतो. मी मैदानाच्या टोकाला, गोलच्या खांबांमध्ये उभी आहे. अंगात कॉलेजातला ॲप्रन आहे, खिशावर शाईचा डाग असलेला. दोन्ही हातांत गोल अंपायरचे पांढरे झेंडे आहेत, गोल झाला की तो हलवतो ते. मैदानाभोवती गाड्या लागल्यात, मॅचच्या दिवशी लागतात तशा. काचांमागे सगळं गाव बसलंय, आणि त्यातला एकही असा नाही ज्याचं ब्लडप्रेशर मला पाठ नाही. ते हॉर्न वाजवतात. गोल झाला की वाजवतात तसे, पण चेंडू कुठेच नाही. मी झेंडे हलवावेत एवढीच त्यांची इच्छा आहे.

लॉकी खांबाला टेकून उभा आहे. "सही का केलासा?"

"कारण मला तुमच्यातलं व्हायचं होतं," मी हॉर्नच्या वरताण ओरडते. "इथे आले तेव्हा बेकरीत कोणी माझ्याशी पावसापाण्याचंही बोलत नव्हतं. पेशंट खोलीत शिरायचे, मला बघायचे आणि दुसरा डॉक्टर आहे का विचारायचे. क्लबाने मला डॉक म्हटलं. ती फायनल जिंकल्यावर तुम्ही क्लबातल्या माझ्या खोलीच्या दारावर माझं नाव रंगवलंत, आठवतंय? मला ते दार हवं होतं रे."

"रंग मीच दिला हुता."

"माहितीये. वाकडा दिलास." मला रडू येतंय आणि त्याहून जास्त त्याचा राग येतोय. "आणि तूही काही कमी नव्हतास! हात जोडून मागे लागला होतास. एवढी मॅच खेळू दे, डॉक, एवढीच."

"हात जोडणारच की ओ," लॉकी शांतपणे म्हणतो. "माझ्या डोस्क्याला लागलं हुतं."

हॉर्न थांबतात. झेंडे खूप जड आहेत.

"मला माफ करशील?"

तो विचार करतो. खरोखर करतो, छताकडे बघून केल्यासारखा नाही. "त्ये मला जमंना झालंय अजून," तो म्हणतो. "पण तुमच्यावर डूख धरूनबी बसलो न्हाई. दमलोय नुसता. वाईच पडू का?"

"पड."

तो गाडीच्या काचेला डोकं लावतो. हीटरचा आवाज येतो. मी त्याचे श्वास मोजायला लागते, सवयीने, आणि मोजायला काही नाही हे लक्षात आलं तरी मोजत राहते.

काचेवर टकटक होते.

टेरी आहे. कानटोपी, लाल नाक, हातात क्लिपबोर्ड. घड्याळात पावणेसहा झालेत. माझी मान अवघडलीय, तोंड कोरडं पडलंय, शेजारची सीट रिकामी आहे. मी काच खाली करते, थंड हवा आत घुसते.

"झालं का, डॉक?"

नाही म्हणायला तोंड उघडते आणि फॉर्मकडे बघते. पेन माझ्या बोटांत आहे, टोपण काढलेलं. शेऱ्याच्या जागेत दोन ओळी लिहिलेल्या आहेत. मराठीत. या देशात आल्यापासून मी कागदावर मराठीची एक ओळ लिहिलेली नाही. आईला फोन करते, बहिणीला व्हॉट्सॲपवर नुसता आवाज पाठवते. अक्षर थोडं कापरं आहे, पण माझंच आहे, र ला तोच लांब फटकारा.

पहिली ओळ: हॅमिशच्या मेंदूला मार आहे, खेळू देऊ नये.

दुसरी: लॉकलनच्या वेळीही मी हेच लिहायला हवं होतं.

शाई अजून ओली आहे. अंगठ्याला लागते.

टेरी खिडकीतून वाकून बघतो. "हे काय लिहिलंय?"

मी आधी खाली सही करते. मग पहिली ओळ त्याला इंग्रजीत सांगते. तो कानटोपी काढतो, पुन्हा घालतो. अकरा वर्षं, तो म्हणतो. पोरगा ठीक आहे, गुण जुळलेत, तूच बघितलेस, तो म्हणतो. उद्यापासून बेकरीत माझ्याशी कोण बोलेल आणि कोण नाही, याची यादी डोक्यात आपोआप तयार होतेय. होऊ दे.

"आणि खालची ओळ?" तो शेवटी विचारतो.

"ती लॉकीची आहे," मी म्हणते. "त्या फेब्रुवारीत माझ्याबरोबर तूही हसला होतास, टेरी. ये, आत बस."

टेरी क्लिपबोर्ड काखेत मारतो. मग गाडीला वळसा घालून येतो आणि दार उघडतो.