वायरला रफू नसतं

तात्या डोळे मिटून काम करायचे. ओतूरच्या एसटी स्टँडमागे त्यांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं, म्हणजे एक पत्र्याची टपरी आणि तिच्यासमोर चिंचेची सावली. बॉनेट उघडलं की तात्या डोळे मिटायचे आणि वायरींवरून बोटं फिरवत जायचे. नवखं गिऱ्हाईक धास्तावून मला विचारायचं, "म्हातारा झोपला का काय?" तेवढ्यात बोट एका जागी थांबायचं. "हितं गरम लागतंय," तात्या म्हणायचे, आणि दोष तिथंच निघायचा.

आमचं कापडाचं दुकान त्यांच्या समोरच. पणजोबा राजस्थानातून आले ते इथलेच झाले. मी विशीचाही नव्हतो तेव्हापासून तात्या मला "शेठ" म्हणत आणि आमचा दुपारचा चहा एकत्र होई. तसे ते प्रेमळ, पण त्यांच्याकडून निघताना माणूस जरा धसका घेऊनच निघायचा. दुरुस्त झालेली गाडी ताब्यात देताना ते हमखास म्हणत, "आज चांगली हाय. उद्याचं उद्या बघू." नवरदेवाच्या गाडीलाही त्यांनी हेच ऐकवलं होतं. करवल्यांनी तोंडं वाकडी केली, तात्यांनी वाक्य काही बदललं नाही.

फ्यूजच्या बाबतीत तर ते भलतेच हट्टी. एका बागाईतदारानं सारखा फ्यूज उडतो म्हणून त्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवली होती. तात्यांनी ती उपटून काढली, किल्ली खिशात टाकली आणि त्याला नवा फ्यूज आणायला चालत बाजारात पिटाळलं. "प्यूज जळतो म्हून तुमी वाचता. त्याला जळू द्या की राव!"

दोन हजार सालानंतर कधीतरी निळ्या एलईडीच्या पट्ट्या बाजारात आल्या. मी पुण्याला माल भरायला गेलो असताना त्या एका गाडीत पाहिल्या आणि खुळावलोच. माझ्या गाडीसाठी पट्ट्या घेऊन आलो. तात्यांनी त्या हातातही घेतल्या नाहीत. "डायवरला उजेड रस्त्यावर लागतो, मांडीवर न्हाई," म्हणाले. मग मीच बसवायचं ठरवलं. अंगात कापडवाल्याची हौस! वायर लोंबलेली मला खपेना. सीटच्या कडेनं मखमलीची गोट केली, वायर तिच्यात घातली आणि सुईदोऱ्यानं इतकी बारीक टीप घातली की शिंप्यानं पाहत राहावं. वायर थेट बॅटरीला जोडली. एवढ्याशा दिव्यांना फ्यूज कशाला?

तात्यांनी डोळे मिटून त्या गोटेवरून बोटं फिरवली. त्यांचा चेहरा उतरला. "सुई वायरीतून गेलीय, शेठ. कापडाला भोक पडलं तर रफू व्हतं. वायरला रफू नसतं. काढून टाका." मी हसलो. त्या दिवसापासून ते माझ्या गाडीत बसेनात. एकदा दोघांनाही घोडेगावला जायचं होतं, मी दार उघडून उभा राहिलो, पण ते एसटीनं गेले. मला राग आला, खरं सांगतो. वाटलं, म्हाताऱ्याला पोटदुखी झालीय.

दिवे मात्र गावभर गाजले. डोंगराकडच्या गावांना जीप चालवणारा बबन मागेच लागला, "शेठ, आमच्या जीपमंदी बी बसवा की, लई भारी दिसतंय." बसवले. आणखी दोघांकडे बसवले. लोक कौतुक करत होते आणि मी फुगत होतो.

वैशाखातल्या भर दुपारी बबनची जीप घाटाच्या पायथ्याशी पेटली. पॅसेंजर उड्या मारून वाचले. मागे एक म्हातारी अडकली होती, तिला ओढून काढताना बबनचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. जीपची सगळी वायरिंग तात्यांची, हे पंचक्रोशीला ठाऊक होतं. त्यामुळे बबनचे भाऊबंद तरातरा टपरीवरच आले. मीही तिथंच होतो, हातात चहाची बशी. तात्या आधीच जाऊन जळकी जीप बघून आले होते. मागच्या सीटची एक कड तेवढी शाबूत राहिली होती, तिच्यावर माझी टीप होती.

"तात्या, तुमच्या वायरीनं पोराचे हात घेतले," थोरला भाऊ म्हणाला. तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, नुसतं वाट बघत. मला बोलायला पुष्कळ वेळ होता. मी बशीतला चहा संपवला. मग तात्या हळूच म्हणाले, "माझ्याकडनं राह्यलं असंल." त्या क्षणाची मला आजही लाज वाटते.

त्यांच्याकडे कोणी गाडी लावीना. महिन्याभरात टपरीला कुलूप लागलं आणि ते राजुरीला लेकीकडे गेले. दुकानात बसलं की समोर ते कुलूप दिसायचं. शेवटी मी उठलो आणि आधी बबनच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. भाऊ अंगावर धावून आला, बबननं बँडेजातल्या हातांनी त्याला अडवलं. मग राजुरी गाठली. माफीचं वाक्य पाठ करून गेलो होतो, तात्यांनी ते बोलूच दिलं नाही. पाणी दिलं आणि विचारलं, "अजून किती गाड्यांत बसवलंय?"

"माझी धरून तीन."

"चला," म्हणत त्यांनी चपला घातल्या. माझी गाडी त्यांनी लेकीच्या अंगणातच उसवली. दुसरी आळे गावात सापडली. तिसरी पांढरी व्हॅन होती आणि ती विकली गेली होती. जुन्या मालकाला एवढंच आठवत होतं की घेणारा तिच्यातून शाळेची पोरं नेणार होता. सौदा जमवणाऱ्या दलालाला घेणाऱ्याचं गावही सांगता येईना. नंबर घेऊन आम्ही मंचर, जुन्नर, नारायणगाव पालथं घातलं. मग तात्यांचे गुडघे थकले आणि मी एकटाच शाळांच्या फाटकांपाशी उभा राहू लागलो. राजुरीला गेलो की पहिला प्रश्न ठरलेला, "घावली का?" मी नाही म्हणून मान हलवायचो.

त्यांच्या शेवटच्या दुखण्यात लेकीनं मला बोलावून घेतलं. तात्या अगदी वाळले होते. त्यांनी तेच विचारलं. मला ते बघवेना. "सापडली तात्या. घोडेगावला. सगळं काढून टाकलं," मी म्हणालो.

त्यांनी डोळे मिटले आणि हात माझ्यापुढे पसरला.

"वायर द्या बघू."