कंदिलाच्या काचा आणि आमची चार चाकं

लग्न होऊन दोन वर्षं झाली होती आणि मला सगळं कळत होतं. गमतीनं लिहीत नाही, तेव्हा माझा तसा पक्का समज होता. स्वयंपाक कळत होता, माणसं कळत होती, आणि नवऱ्याच्या गाडीत चार वेळा बसल्यावर गाडीही कळायला लागली होती. आज ती पोरगी समोर आली तर मी तिला आधी चहा देईन आणि मग तिचा कान पिळीन.

ही साठ सालानंतरची गोष्ट. आम्ही सांगलीत राहायचो. आमचे हे फौजेत गाड्या चालवून आलेले. त्यांनी मालाची एक जुनी, बंद डब्याची व्हॅन घेतली होती. मिळेल तो माल न्यायचे, कधी हळद, कधी गूळ, कधी पत्र्याचे डबे. पण मिळेल तो माल म्हणजे आठवड्यातले चार दिवस गाडी दारात उभी. शेजारणी तिच्या सावलीत तांदूळ निवडत बसायच्या. कायमची खेप मिळाली नाही तर गाडी विकायची आणि ह्यांनी मुंबईला जाऊन दुसऱ्याच्या ट्रकवर चालक व्हायचं, असं घरात ठरलं होतं. हे मुंबईला आणि मी इथं सासूबाईंपाशी! मला ते अजिबात मंजूर नव्हतं.

अशात वडूजच्या एका दुकानदाराचा निरोप आला. त्याला दर पंधरवड्याला सांगलीहून कंदिलाच्या काचा हव्या होत्या. अर्धी खोकी वाटेत कराडला त्याच्या भावाच्या दुकानात उतरवायची, उरलेली वडूजला. पहिली खेप नीट पोचली की पुढचं काम आमचं. माझं माहेर वडूजजवळ, म्हणून मीही गाडीत चढले. सासूबाई म्हणाल्या, "मालाबरोबर बाई कशाला?" हे म्हणाले, "खोक्यांकडं बघाय." मी मान ताठ केली. मला हुद्दा मिळाला होता.

चैत्राचं ऊन. कराडला पोचेस्तोवर भर दुपार झाली. हे खोकी घेऊन भावाच्या दुकानात गेले आणि मी गाडीपाशी राखणीला. राखण करायची म्हणजे नुसतं उभं राहायचं, हे मला कुठलं सुचायला! मी चाकांना हात लावून बघितलं. मागचं चाक तव्यासारखं तापलेलं आणि दगडासारखं टणक. सकाळी निघताना ते एवढं टणक नव्हतं, हे मी नक्की सांगू शकत होते. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पुरी तेलात फुगते तसं हे चाक फुगत चाललंय, आता फुटणार, आणि हे तिकडं निवांत चहा पीत बसलेत!

मी अंबाड्यातला आकडा काढला. हवा भरतात त्या तोंडाची टोपी काढली आणि मधली बारीक कळ आकड्यानं दाबली. फुस्स! काय समाधान वाटलं म्हणून सांगू. चारही चाकांची थोडी थोडी हवा काढली, अंगठ्यानं दाबून बघितली, टोप्या लावल्या, आकडा परत अंबाड्यात खोवला. हे आले तेव्हा मी पदरानं वारा घेत साळसूद उभी.

कराड सोडल्यावर हे म्हणाले, "स्टिअरिंग जड का लागतंय गं?"

"ऊन लय हाय," मी म्हणाले.

वडूज सात-आठ मैलांवर राहिलं असेल. मागचं डावं चाक बंदुकीसारखं फाटकन वाजलं. गाडी एका अंगाला कलली, ह्यांनी कशीबशी बाजूला घेतली, आणि मागच्या डब्यातून असा खळ्ळ आवाज आला की आजही कुणी काचेचा पेला पाडला तर मला तीच गाडी आठवते.

ह्यांनी जॅक लावला, स्टेपनी चढवली. मग उरलेली तीन चाकं दाबून बघितली. दाबून झाल्यावर माझ्याकडं बघितलं.

"हवा कुणी काढली?"

आणि खरं सांगते, मी अभिमानानं म्हणाले, "मी! न्हाईतर चारी फुटली असती."

ते रस्त्याच्या कडेला दगडावर बसले. मला वाटलं, आता ओरडणार. पण ते हसायला लागले, आणि ते हसणं ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

"अगं शहाणे, टायर पळला की तापतोच. तापला की आतली हवा फुगती, म्हणून टणक लागतो. त्याचा हिशेब सकाळीच धरलेला असतो. हवा मोजायची ती गाडी गार असताना, पळायच्या आधी. तू दुपारी काढलीस, म्हंजे ती खरी कमी झाली. हवा कमी असली की टायर दर फेरीला वाकतो, वाकून आणखी तापतो, आणि मग फुटतो. फौजेत ह्याच्यासाठी आमाला बाहीवरचे हुद्द्याचे पट्टे काढायची धमकी देत."

वडूजच्या दुकानदारानं फुटक्या काचा बघितल्या. माणूस सभ्य, पण चेहरा आंबट झाला. ह्यांनी माझं नाव घेतलं नाही; "टायर फुटला" एवढंच म्हणाले. तो म्हणाला, "आणखी एक खेप देतो. त्यात काच फुटली तर आपली बैलगाडीच बरी."

त्या रात्री माहेरी मला जेवण गेलं नाही, ही अफवा आहे. दोन भाकऱ्या खाल्ल्या. पण तिसरी घेतली नाही.

फुटलेल्या टायरच्या जागी दुसरा हवा होता. नवा परवडणारा नव्हता, म्हणून सांगलीत जुने टायर विकणाऱ्या एका दुकानात गेलो. मी हट्टानं बरोबर. दुकानदारानं एक टायर पुढं सरकवला. काळाभोर, चकचकीत, खाचा खोल. हे खाचांत बोट घालून म्हणाले, "बरा दिसतोय."

मी वाकले आणि पदराचं टोक ओलं करून टायरची कड पुसली. पदर काळा झाला आणि रंगाखाली टाचेच्या भेगांसारख्या बारीक भेगा निघाल्या. मग आतून हात फिरवला. मडकं घेताना बायका फिरवतात तसाच, कारण मला दुसरी कुठली रीत येतच नव्हती. एका जागी फुगवटा लागला, आणि फाटक्या गोधडीतून निघावेत तसे दोरे हाताला लागले. आणि खाचा? एका खाचेत तर तळाशी दोऱ्यांची जाळीच दिसत होती. गुळगुळीत झालेल्या टायरला कुणीतरी सुरीनं नव्या खाचा पाडल्या होत्या.

दुकानदार हसला. "वैनी, टायर हाय त्यो, माठ न्हवं."

"व्हय की. माठ फुटला तर पाणी सांडतं. ह्यो फुटला तर आमची गाडी सांडंल."

दुकानात बसलेले दोन ट्रकवाले खो खो हसले. एक जण दुकानदाराला म्हणाला, "आता काढ गड्या आतला चांगला माल!" दुकानदारानं कपाळावर आठ्या घालत आतून दुसरा आणला. दिसायला मळकट, सगळीकडून सारखा झिजलेला, पण आतून तळहातासारखा सपाट. हे माझ्याकडं बघत होते. मी हो म्हटलं, तेव्हाच त्यांनी घेतला. लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या हो म्हणण्याची वाट बघितली गेली होती.

दुसऱ्या खेपेला पहाटेच, गाडी गार असताना, ह्यांनी हवा मोजली. माल मागं, म्हणून मागच्या चाकांना पुढच्यापेक्षा जास्त. पण फार टणकही नाही, नाहीतर प्रत्येक खड्ड्याला गाडी उसळून काचा नाचतील. मी शेजारी उभी राहून मोजमाप पाठ केलं. कराडला दुपारी चाकं पुन्हा तापली, पुन्हा टणक झाली. मी त्यांच्याकडं पाठ करून उभी राहिले आणि दोन्ही हात पदरात गुंडाळले. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत कठीण राखण.

वडूजला दुकानदारानं स्वतः खोकी उघडली. पेंढा बाजूला करायचा, काच उजेडात धरायची, टिचकी मारायची. पहिलं खोकं झालं. दुसरं झालं. शेवटच्या खोक्यातली शेवटची काच टणकन वाजली तेव्हा दुकानदार उठला आणि म्हणाला, "एकबी न्हाई फुटली. दर पंधरवड्याला या."

आमचे हे, फौजेतला माणूस, घामाघूम होऊन नुसता उभा. मला मात्र राहवेना.

"आवं भाऊ, तुमच्या सांगलीवाल्याला सांगा, खोक्याच्या कोपऱ्यात पेंढा कमी घालतोय. आमी म्हणून नीट आणली."

"बाई, तुमी तुमच्या गाडीचं बघा!"

"तेच बघतीया. आन पुढच्या खेपेलाबी बघनार हाय."

दुकानदारानं ह्यांच्याकडं बघितलं. हे हसले आणि म्हणाले, "व्हय. टायर तीच बघती."

मी शिडीसारख्या उंच पायरीवरून गाडीत चढले, दार धाडकन ओढलं आणि भर बाजारात ह्यांच्या आधीच हात लांबवून हॉर्न वाजवला. तीन वेळा. एकदाही गरज नसताना.