सिबू आए बुआकाका

आमच्या बाबांनी एकुलत्या एका नातवाला पहिल्याच व्हिडिओ कॉलवर रडवलं होतं.

आज बाबांना जाऊन वर्ष झालं.

फुप्फुसं थकली, जुन्या रायपुरातलं, बूढापाऱ्यातलं घर सुटलं आणि बाबा माझ्या नवा रायपूरच्या फ्लॅटमध्ये आले. ऑक्सिजन मशीनचा पाइप बाल्कनीच्या दारापर्यंतच पुरायचा. खाली हा रुंद रस्ता, पण त्यावर माणूस नाही.

"बैलाले पोळ्याले तरी सोडतात," म्हणायचे.

माझा भाऊ निलेश जहाजावर नोकरीला. पॅसिफिकमधल्या किरिबाटी बेटांवरच्या मुलीशी लग्न करून तिकडचाच झाला. नातवाला मराठी येत नाही, हिंदी येत नाही. बाबांना इंग्रजीचं वावडं.

मग बाबांनी मोबाइलवर तिकडची गिल्बर्टीज भाषाच शिकायला घेतली.

"आपल्याकडे गुण आधी, पोट्टा मागून. तिकडे पोट्टा आधी, मंग मधात 'आए', मंग गुण. पोट्टे बहुत असले त 'आए'चं 'आइका' होते. आपल्याले त एकच हाये."

दिवसभर घोकायचे. "ते अताएई आए तामारोआ." म्हणजे देखणा मुलगा.

कॉल लागला. पोरगं खरंच देखणं. आणि ऐनवेळी बाबा म्हणाले, "ते अताएई आए बुआकाका."

वाईट मुलगा.

त्याने भोकाड पसरलं. वहिनीने फोन कट केला.

"बाबा, काहून म्हटलं असं?"

"मंग? तोंडावर देखणा म्हणू? नजर लागंल ना त्याले."

निलेश तेव्हा समुद्रावर, रेंजच्या बाहेर. मी वहिनीला इंग्रजीत मेसेज टाकला. नजर लागणं इंग्रजीत लिहिलं की फारच भयंकर दिसतं. तिने वाचला, उत्तर नाही.

बाबा पाइप ताणून दाराशी बसायचे, फोन मांडीवर. "जाऊन सांगू बी नाही शकत मी." मला त्यांचा राग यायचा आणि त्यांच्याकडे बघवायचंही नाही.

निलेश घरी पोचला, त्याने बायकोला, पोराला नजरेचं सगळं समजावलं, तोवर बाबांना मास्क लागला होता. बोलणं बंद.

कॉल आला. नातवाने स्क्रीनला नाक लावलं आणि म्हणाला, "सिबू आए बुआकाका."

सिबू म्हणजे आजोबा.

बाबा मास्कच्या आत हसले. मास्क धुरकट झाला तरी हसतच होते.

त्याच आठवड्यात ते सुटले.

काल पुन्हा कॉल झाला, बाबा. पोरगं चांगलं उंच झालंय. मीही त्याला वाईटच म्हटलं.

काळजी करू नका. नमस्कार.