ऐकायचं मासिक

तुर्की आजोबा एकटे असताना कधी वाचत नसत. समोर ऐकणारं माणूस असेल तरच कागद उघडायचे. जर्सी सिटीत ते लेकीकडे राहत, आमच्याच मजल्यावर. मी नातीला सांभाळायला मुलाकडे आले होते. नात शाळेत गेली की नदीकाठच्या बाकावर आम्ही दोघं बसायचो. त्यांना ऐकणारं हवं होतं, मला इंग्रजीमुळे तर बोलायचीच चोरी. जमलं आमचं.

त्यांच्याजवळ एका मासिकाचे पिवळे पडलेले अंक होते. त्यांचे वडील कम्युनिस्ट. देशाबाहेर घालवल्यावर परक्या मुलखात दोन-चार सोबत्यांबरोबर ते हे मासिक छापायचे आणि चोरून तुर्कस्तानात धाडायचे. तिथे तंबाखूच्या वखारीत एक जण मोठ्याने वाचायचा, बाकीचे काम करता करता ऐकायचे. परिच्छेद संपला की फळीवर बोटांनी दोनदा टकटक करायचे. म्हणजे ऐकलं, पुढे वाच. आजोबांनी ती टकटक मलाही शिकवली.

लिपी जुनी, उजवीकडून डावीकडे जाणारी. त्यांच्या देशातून ती केव्हाच गेली. लेकीलाही वाचता येत नव्हती. चौथीनंतर मी विड्या वळल्या, मला यातलं काय कळणार, असं एकदा धीर करून मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. ते म्हणाले, "तुझ्यासारख्यांसाठीच छापलं होतं."

मुलगा चिडवायचा, "आई, कम्युनिस्ट झालीस की काय? व्हिसा कॅन्सल होईल हं." आजोबांच्या लेकीला मात्र हसू येत नसे. नदीपलीकडचे जुळे टॉवर हल्ल्यात पडल्यापासून ती घाबरलेली. असलं काही बाहेर मोठ्याने वाचू नका म्हणायची. ते मान हलवायचे आणि बाकावर येऊन आवाज चढवायचे.

पुढे त्यांचे हात थरथरू लागले, तेव्हा अंक मी धरू लागले. एकदा सवयीने तो आपल्या पुस्तकासारखा उघडला. मासिकाचं नाव असलेलं पहिलं पान मागे राहिलं, समोर आलं शेवटचं. आजोबा पहिल्या ओळीपासून न अडखळता वाचत राहिले. त्यांना दिसत नव्हतं, सगळं पाठ होतं. मी टकटक केली.

मग पाठ केलेलंही निसटायला लागलं. मध्येच थांबून विचारायचे, "पुढे काय?" प्रत्येक अंकाचा पहिला परिच्छेद सारखाच असायचा. ऐकून ऐकून तेवढा माझ्या तोंडात बसला होता. तो मी म्हणायची. अर्थ मला आजही ठाऊक नाही.

लेकीला दूर फ्रिस्को शहरात नोकरी लागली. निघण्याआधी तिने अंक एका विद्यापीठाला दिले. तिथे नीट राहतील, म्हणाली. आजोबांनी एवढंच विचारलं, "ऐकणार कोण?"

हिवाळ्यात तिचा फोन आला. बाबा आता कोणाला ओळखत नाहीत, बोलतही नाहीत. तुम्ही ते अंकातलं म्हणून दाखवाल का? तिने फोन त्यांच्या कानाशी धरला. मुलगा आणि सून बघत होते, तरी मी मोठ्याने तो परिच्छेद म्हटला.

मग पलीकडून टकटक आली, दोनदा.

मी फोन धरून तशीच उभी राहिले. पुढचं मला येत नव्हतं.