खुर्चीला वळसा

मी पुणं सोडलं त्या दुपारी माझ्या दोन्ही बॅगा दत्तूच्या पाठीवर होत्या. तिसऱ्या मजल्यावरून त्याने त्या एका खेपेत उतरवल्या, टॅक्सीच्या टपावर चढवल्या आणि दोरी अशी आवळली की मुंबईच्या विमानतळावर ती सोडायला दोन माणसं लागली. मी मागून पासपोर्ट घेऊन उतरत होतो. तेवढंच ओझं मला झेपण्यासारखं होतं.

आई म्हणाली, "बघ, परका माणूस किती करतो."

"परका न्हाई काकू," दत्तू म्हणाला, "थोरला हाय मी त्याचा."

आईने ऐकलं नाही असं दाखवलं. मीही.

मग त्याने शर्टाच्या आतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक सुरळी काढली. "सिफूंनी दिलीया. दोन वाजेस्तोवर वाट बघत बसले व्हते. चहाचं आधण पन ठेवलं व्हतं." मी म्हणालो, अरे, पॅकिंगमध्ये वेळच झाला नाही. दत्तूने टॅक्सीच्या टपाकडे पाहिलं. पॅकिंग त्यानेच केलं होतं.

आपल्या घरातल्या गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे आहे, कारण बाकी सगळ्यांना कामं असतात. पुण्यात राहिलेल्या भाचरांनी आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनी ही गोष्ट माझ्याकडून ऐकली आहे. पण मी आजवर ती अर्धीच सांगत आलोय.

लियाँग सिफू कॅम्पात दातांचा दवाखाना चालवत. सिफू म्हणजे गुरुजी. त्यांचे आजोबा कॅन्टनकडून कलकत्त्याला आले, वडील कलकत्त्याहून पुण्याला. चीनशी युद्ध झालं तेव्हा वडिलांनी पाटीवरची चिनी अक्षरं पुसली, ती पुन्हा कोणी रंगवली नाहीत. पण घराण्याची विद्या त्यांना पुसता आली नाही. ती अंगात होती. तिला हुंग-गार म्हणतात, कुंग-फूचं एक घराणं. त्यात वाघाचा पंजा आणि करकोच्याचा पाय आहे, आणि त्याआधी सहा महिने नुसतं घोड्यावर बसल्यासारखं मांड्या फाकवून उभं राहणं आहे.

आई म्हणायची, "उभं राहायला शिकायला कॅम्पात जावं लागतं? रेशनच्या रांगेत उभा राहा, साखर तरी मिळेल." बाबांचा आक्षेप जास्त तात्त्विक होता. पुण्यात एवढ्या तालमी असताना मार खायला चिनी माणूस कशाला, असं ते विचारत.

दवाखाना एक ते चार बंद असे. सगळं पुणं वामकुक्षी घेत असताना मी आणि दत्तू तिथे घाम गाळायचो. दोघेच, कारण तिसऱ्याला जागा नव्हती. खोलीच्या मधोमध दात काढायची लोखंडी खुर्ची जमिनीत बोल्टने पक्की केलेली होती. वाघाची चाल ऐन रंगात आली की समोर खुर्ची यायची. मग डावा पाय अर्धं पाऊल बाहेर टाकायचा, कमरेतून वळायचं, खुर्चीला वळसा घालायचा आणि पुन्हा वाघ व्हायचं.

दत्तू आंबेगावचा, मार्केट यार्डात हमाल. वयाने माझ्याहून तीन वर्षांनी लहान. पण तो अकरा दिवस आधी शिकायला आला होता, आणि या विद्येत वय बघत नाहीत, आल्याचा दिवस बघतात. आधी आला तो थोरला. थोरल्याला दादा म्हणायचं, त्याच्या नंतर चहा घ्यायचा, त्याच्या मागे उभं राहायचं. दवाखान्यात मी त्याला दादा म्हणायचो. बाहेर लक्ष्मी रोडवर समोरून कांद्याची गाडी ओढत आला, की मला दुकानाच्या काचेत काहीतरी अतिशय महत्त्वाचं दिसायचं.

दुसरा रिवाज नावांचा. सुरुवातीला हात जोडून पहिल्या गुरूपासून सगळी नावं मोठ्याने म्हणायची. मठातला भिक्षू, चहाचा व्यापारी, कॅन्टनचा कोणी औषधवाला. आपल्याकडे श्राद्धाला तीन पिढ्यांवर अडखळतो आपण. तिथे अकरा नावं होती. सिफू म्हणायचे, "विद्या सोबत घेऊन जायची तर जा. पण एकाला तरी शिकव. आणि नावं सगळी सांग. एक गाळलं तर पुढची सगळी खोटी."

तिसरा रिवाज निरोपाचा. जाताना गुरूला गुडघ्यावर बसून चहा द्यायचा. गुरू प्यायले म्हणजे मोकळीक. मी गेलो नाही, कारण ते पिणार नाहीत अशी मला भीती होती. त्याहून मोठी भीती अशी, की ते पितील.

दत्तूने आणलेल्या सुरळीत तीच नावं होती, ब्रशने लिहिलेली, चिनीत. शेवटची दोन सिफूंनी देवनागरीत लिहिली होती, पहिलीतल्या पोरासारखी गोल गोल. दत्तू. त्याखाली विनायक.

मेलबर्नमध्ये पहिली वीस वर्षं मी फक्त पोट वाढवलं. सिफू गेल्याचं दत्तूने फोनवर सांगितलं तेव्हा ऑफिसात क्वार्टर एण्डची धावपळ होती. मी "अरेरे" म्हणालो आणि मीटिंगला गेलो. मग पन्नाशीला डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, आणि शनिवारी सकाळी सबर्बच्या कम्युनिटी हॉलमध्ये मी क्लास सुरू केला. सहाजण आले. भिंतीवर लावायला नावांचा तक्ता हवा होता. सुरळी जीर्ण झालेली, म्हणून मी नवा छापून घेतला, इंग्रजीत, सोनेरी चौकटीत. टाइप करताना शेवटच्या दोन नावांशी थांबलो. एकाखाली एक लिहिलं तर कोणीतरी विचारणार, हा दत्तू कोण? मग मी माझ्याच क्लासात धाकटा. आणि काय सांगू, मार्केट यार्डात हमाल आहे?

मी लिहिलं: लियाँग. त्याखाली विनायक. 'सोयीसाठी' हा शब्द मी स्वतःशी इतक्यांदा म्हटला की तो मंत्र वाटायला लागला.

माझ्या विद्यार्थ्यांत हेलन नावाची नर्स सगळ्यांत तयार. तिने एकदा विचारलं, वाघाच्या चालीत मध्येच हा वळसा कशाला? हॉल केवढा मोठा, समोर काहीच नाही. दात काढायच्या खुर्चीसाठी, असं सांगवेना. मी आवाज खोल करून म्हणालो, "अदृश्य शत्रूसाठी." तिने वहीत लिहून घेतलं. पुढे तिने स्वतःचा क्लास काढला, आणि आता दोन सबर्बमधली माणसं दर शनिवारी पुण्याच्या एका डेंटिस्टच्या खुर्चीला घाबरून बाजूला होतात.

गेल्या वर्षी भाचीच्या लग्नाला यायला निघालो तेव्हा हेलन म्हणाली, मीही येते, मूळ बघायचंय. नको म्हणायला मी सतरा कारणं दिली. उन्हाळा, पाणी, ट्रॅफिक. अठरावं सुचायच्या आत तिने तिकीट काढलं.

दत्तू आता आंबेगावात स्वतःच्या जागेवर पत्र्याची शेड घालून शिकवतो. आजूबाजूला बिल्डरांचे बारा मजली टॉवर, मध्ये ही शेड. केस पांढरे, पाठ तशीच ताठ. मला बघून म्हणाला, "ये विनू. घोड्यानं लय खाल्लेलं दिसतंय."

हेलनला घेऊन आत गेलो आणि जागीच थांबलो. शेडच्या मधोमध ती खुर्ची होती. तीच, लोखंडी, सिमेंटमध्ये बोल्टने पक्की. दवाखाना विकला गेला तेव्हा भंगारवाला आला होता. दत्तूने त्याच्याआधी ती उपसली आणि चौघांच्या मदतीने घेऊन आला. त्याचे वीसेक विद्यार्थी खुर्चीच्या दोन्ही बाजूंना उभे होते.

पाहुणीचा मान म्हणून दत्तूने हेलनला नावं म्हणायला सांगितली. मला बोलायला वेळच मिळाला नाही. ती हात जोडून, डोळे मिटून, मी शिकवलेल्या सुरात म्हणत गेली. भिक्षू, व्यापारी, औषधवाला. लियाँग. विनायक.

मग शेडमधल्यांनी म्हटलं, एका आवाजात. शेवटी: लियाँग. दत्तू. विनायक.

इतकी वर्षं रोज माझं नाव त्या शेडमध्ये घेतलं जात होतं.

हेलनने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मराठी येत नसली तरी मोजता येतं. दत्तू तिच्याकडेच बघत होता. "बाई झ्याक म्हनते," तो म्हणाला. "एक नाव गिळते तेवढंच. दात दुखत असतील."

मी काहीतरी पुटपुटलो. तक्ता, इंग्रजी, चौकटीत जागा.

"जागा नव्हती व्हय," दत्तू म्हणाला. एवढंच. मग हेलनला खूण केली, चाल दाखव. ती वाघ झाली, खुर्चीपाशी आली, डावा पाय अर्धं पाऊल बाहेर टाकून वळली. तिच्या कुर्त्याची किनार लोखंडाला निसटती घासून गेली. एक बोटही जास्त नाही, कमी नाही. ती थांबली. खुर्चीकडे बघितलं, मग माझ्याकडे. आपला अदृश्य शत्रू तिला पहिल्यांदा दिसला होता.

दत्तू बराच वेळ तिच्या पायांकडे बघत राहिला. "नाव खाल्लंस विनू," तो हळूच म्हणाला, "पन खुर्ची न्हाई हलवलीस."

मी चहा मागितला. माझ्या हाताने ओतला आणि त्याच्यासमोर गुडघ्यावर बसलो. गुडघे इतके वाजले की मागे कोणीतरी हसलं. दत्तूने कप घेतला नाही.

"आधी त्यांचा राहिलाय."

खुर्चीच्या हाताला चूळ भरायच्या ग्लासाची गोल कडी अजून होती. मी गुडघ्यांवरच सरकत गेलो आणि कप तिच्यात ठेवला. वाफ निघत होती. कोणी प्यायलं नाही, त्यामुळे मोकळीक मिळाली की नाही, मला आजही माहीत नाही.

मग दत्तूने मागून हात पुढे केला. "आन आता माझा. साखर घाल नीट, तिकडं जाऊन कंजूष झालायस."

"हो दादा," मी म्हणालो. सगळ्यांसमोर.

मेलबर्नला परतल्यावर पहिल्या शनिवारी मी तक्ता उतरवला. जुनी सुरळी तशीच जीर्ण भिंतीला लावली आणि शत्रू कोण होता ते सांगितलं. एकजण म्हणाला, मग आता सरळ गेलं तर चालेल? इथे खुर्ची नाहीच.

आई असती तर म्हणाली असती, पंचवीस वर्षांनी अक्कल आली, तीही उसनी. घर कुठे, असं मला कोणी विचारलं की मी फ्लॅटचा पत्ता सांगतो; तो आता दोनदा बदललाय. पण शनिवारी सकाळी त्या मोकळ्या हॉलमध्ये, लाकडी फरशीच्या मधोमध, एक जागा आहे जिथे मी आजवर कधी पाय ठेवलेला नाही.

"नाही," मी म्हणालो. "वळसा घालायचा."